एकशे बारा नग

या प्रवासातून थोरलीला काय काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवू, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई खुळीच होती. एक, बारा खोल्यांचं घर. घर नाही तर त्याच्यावरचा हक्क. तोही नाही तर त्या हक्काचा एखादा तुकडा, उरलेलं आयुष्य डोक्यावर छप्पर राहील एवढा. दोन, धाकट्या भावाचं तोंड कायमचं बंद. आणि तीन, जे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं: बाबांनी आपल्याला फसवलं नाही, याची खात्री. पहिल्या दोन गोष्टींसाठी माणूस चार ठिकाणी चौकशी करतो, दोन पत्रं लिहितो. तिसरीसाठी थोरलीने कानातलं मोडून विमानाचं तिकीट काढलं.

बाबा पंच्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटची अकरा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि थोरली त्यांच्या अंथरुणाला. लग्न राहून गेलं होतं, टपाल खात्यातली नोकरी होती, तीही तिने या पायी सोडली. धाकटा त्याच घरात राहायचा, पण बाबांची खोली त्याच्या वाटेवर नव्हती. म्हणजे होती, पण तो वळसा घालून जायचा.

तेराव्या दिवशी बाबांचा कागद वाचला. दोनच ओळी होत्या. राहतं घर मुलाला, कारण त्याचा संसार वाढता आहे. माझं परदेशातलं मूळ घर थोरलीला, कारण त्याची किंमत फक्त तिलाच कळते. खाली सही, आणि थोरलीने हक्क सोडल्याचा दुसरा कागद. धाकट्याने पेनचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.

"मजा आहे बुवा तुझी, ताई," तो म्हणाला. "आम्हाला तीन खोल्या, तुला बारा."

"आम्हालाही बोलवा हो वन्सं कधी सुट्टीत," वहिनी म्हणाली. "म्हणजे, एखादी खोली रिकामी असली तर."

थोरलीने सही केली. तिला खरंच वाटलं, आपल्याला जास्त मिळालं. मग भाच्याचं लग्न ठरलं, आणि एका दुपारी वहिनी मोजपट्टी घेऊन तिच्या खोलीत आली, पलंग कुठे बसेल ते पाहायला. महिनाअखेरीपर्यंत खोली मोकळी झाली तर बरं, असं कुणी म्हटलं नाही. मोजपट्टीच बोलली.

आता त्या मूळ घराविषयी. ते कसं होतं हे थोरलीला पाठ होतं, कारण ती त्याच्यावरच वाढली. दुसऱ्यांच्या मुलांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी. हिला बाबा घरातलं कापड मोजून दाखवायचे. "चादरी अठ्ठावीस," ते हळू आवाजात सुरू करायचे, "अभ्रे चाळीस, टॉवेल अठरा..." नॅपकिनांपर्यंत पोचायच्या आत तिचा डोळा लागायचा. बैठकीतले पडदे कोवळ्या गव्हाच्या रंगाचे होते, छतापासून जमिनीपर्यंत, एकेक उचलायला दोन माणसं लागायची. जेवणाच्या टेबलावरचं कापड नऊ हात. चादरीच्या कडेला बोटभर लेस, तीही हाताने विणलेली. आणि प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण: दोन उभ्या रेघा, शेजारी फुली, खाली एक टिंब.

"ही आपल्या घराण्याची खूण," बाबा सांगायचे.

पुरावा म्हणून एक टेबलक्लॉथ होता, पांढरा, जड, कोपऱ्यात खूण असलेला. तो वर्षातून दोनदा कपाटातून निघायचा आणि बाबा स्वतः त्याला इस्त्री करायचे. तोंडात पाणी घेऊन ते असा फवारा उडवायचे की कापडावर दव पडल्यासारखं वाटावं. इस्त्री तापली की नाही ते ओल्या बोटाने बघायचे. त्यांचे शर्ट जन्मभर परीटघडीचे राहिले आणि ती घडी त्यांनी कुणाला घालू दिली नाही; एकट्या थोरलीला शिकवली. बारा खोल्यांच्या घरात नोकरचाकरांच्या हातावर वाढलेला मुलगा इतकी सुरेख इस्त्री कुठे शिकला, हे घरात कुणी विचारलं नाही. बाप खानदानी निघाला की पोरं प्रश्न विचारत बसत नाहीत, ऐट मारतात.

आणि ऐट तरी किती! थोरलीने ती खूण भरली नाही असं कापड घरात शिल्लक नव्हतं. बाबांचे अभ्रे, शाल, भाच्याचं दुपटं. धाकट्याच्या लग्नपत्रिकेवर ती सोनेरी छापली होती. वहिनीने तर दारावर पितळी पाटी लावली, नाव बारीक आणि खूण मोठी.

थोरली तो टेबलक्लॉथ बरोबर घेऊन निघाली. कागदपत्र म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं.

*

गाव चढावर होतं. वर मोठी घरं, खाली नदी. बाबांनी घरात दुसरी भाषा बोलू दिली नव्हती, त्यामुळे बोलायची अडचण आली नाही. फक्त बसच्या तिकीटवाल्याला तिचं बोलणं ऐकून हसू फुटलं. "मावशी, हे शब्द माझी आजी वापरायची," तो म्हणाला. "कुठे जपून ठेवले होते?"

वरच्या रस्त्याच्या दुसऱ्या वळणावर पिवळं तीन मजली घर उभं होतं. थोरलीने रस्त्यावरूनच खिडक्या पाहिल्या आणि तिचे डोळे भरून आले. छतापासून जमिनीपर्यंत. प्रत्येक पडद्याला दोन माणसं नक्की लागत असणार. घर खरं होतं. बाबा खरं बोलले होते. तिथेच पायरीवर बसून तिने धाकट्याला फोन लावला नाही, ही तिच्या संयमाची कमाल.

खाली दातांचा दवाखाना होता आणि वर विम्याची कचेरी. काउंटरवरच्या मुलीने केसांत पेन खोचलं होतं.

"मला हे घर आतून पाहायचंय," थोरली म्हणाली. "माझ्या वडिलांचं आहे."

"दाढ दुखत असेल तर आत सोडते," मुलगी म्हणाली. "घर दुखत असेल तर डॉक्टरांना वेळ नाही."

तेव्हा थोरलीने दाढ दाखवली. एका चांगल्या दाढेच्या तपासणीची फी भरून ती वडिलांच्या जेवणघरात उताणी पडली आणि डॉक्टर आरशाने तोंडात बघत असताना तिने डोळे फिरवून खोली पाहिली. छताला चुन्यात काढलेली फळं होती, द्राक्षं नि डाळिंबं, मुठीएवढी. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात माणूसभर उंचीची शेगडी भिंतीत बसवलेली. तीही नव्हती सांगितली. बाहेर येताना दिसला तो भिंतीतला आरसा, लोखंडी गोल जिना, मागच्या अंगणातली विहीर. विहीर असलेल्या घरात वाढलेलं मूल विहिरीबद्दल एक शब्द बोलत नाही? आत दगड टाकत नाही, वाकून ओरडत नाही, मार खात नाही?

बाबांनी पडदे सांगितले होते. पडद्याआडून काय दिसायचं, ते कधीच नाही.

बोळकांडीत एक पोक्त बाई फरशी पुसत होती. थोरली तिला ओलांडून जाता जाता थांबली, पिशवीतून टेबलक्लॉथ काढला आणि कोपरा पुढे केला. "ही खूण या घरात कुठे पाहिलीय का? दारावर, भिंतीवर?"

बाईने ओला हात कमरेला पुसला आणि कोपरा उलटा करून पाहिला. उलटा. थोरलीने इतक्या वर्षांत ती खूण कधी मागच्या बाजूने पाहिली नव्हती.

"ही? अहो, ही तर लाँड्रीची खूण," बाई म्हणाली. "खालच्या नदीकाठच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी घालायचे, कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. आमच्या आईच्या परकरावर तीन टिंबं होती."

"नाही हो, ही आमच्या घराण्याची..."

"असेल, असेल." बाईने पुन्हा फडकं उचललं. जिचं घराणं आत्ताच बुडालंय तिच्याशी वाद घालू नये, एवढी समज तिला होती. "म्हातारी अजून आहे तिथे. विचारा जाऊन. पण सांभाळून हं, तिची जीभ म्हणजे धुण्याचा सोडा. डाग काढते, पण कापडही खाते."

*

उतार संपत आला तिथे बुटकी, लांबट इमारत होती. अर्ध्या भागात कुणा भाडेकऱ्याची दोन यंत्रं घरघरत होती. उरलेल्या अर्ध्यात दगडाच्या तीन टाक्या, काळी पडलेली तांब्याची भट्टी, वर आडव्या तुळयांना रांगेने आकडे. सोड्याचा, निळीचा आणि ओल्या दगडाचा वास. खिडकीशी एक म्हातारी कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्याला टाका घालत होती. अंगाने वाळकी, पण मनगटं पुरुषाची. बोटांची कातडी पिठात बुडवल्यासारखी पांढरी, सोललेली.

थोरलीने तोंड उघडायच्या आधीच म्हातारीने हात पुढे केला. "बघू."

तिने टेबलक्लॉथ मांडीवर घेतला. उलगडला नाही. घडीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"ही घडी कुणी घातली?"

"मी. वडिलांनी शिकवलेली."

"तिघांत घालतेस. सगळं जग चौघांत घालतं." म्हातारी अजून घडीकडेच बघत होती. "चौघांत घातली की मधोमध घडीचा वळ पडतो आणि टेबलावर तो ताटाखाली येतो. आमच्या आईला ते आवडायचं नाही. आई तिघांत घालायची. आईने दोघांनाच शिकवली. एक मी." मग तिने वर पाहिलं. "मेला का तो?"

"सहा महिने झाले."

"त्रास झाला?"

"अकरा वर्षं."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. ते कशाला उद्देशून होतं, हे थोरलीला कळलं नाही. कळून घ्यावंसंही वाटलं नाही. "बस. मी तुझी आत्या. मला वाटतं, तुला माहीत नसणार."

नव्हतंच माहीत. चोपन्न वर्षांत, आजारपणातल्या बडबडीतसुद्धा, बाबांच्या तोंडून बहीण हा शब्द आला नव्हता.

"तुझं नाव काय?" आत्याने विचारलं. थोरलीने सांगितलं.

आत्याची सुई थांबली. मग ती कोरडं हसली. "पत्र आलं होतं एकदा. तो गेल्यावर बारा वर्षांनी. मुलगी झाली, तुझं नाव ठेवलंय, असं. मला वाटलं थापा मारतोय. ठेवलं होतं म्हणजे खरंच."

आपलं नाव दुसऱ्याचं जुनं आहे, हे ऐकून थोरलीला थंडी वाजल्यासारखं झालं. वापरलेलं कापड अंगावर चढवल्यासारखं.

"ऐक आता," आत्या म्हणाली. "तो एकोणीस वर्षांचा, मी सोळाची. बाप नव्हता. आई धुवायची, मी पिळायची आणि वाळत घालायची, तो इस्त्री करायचा. हात सोन्याचा होता त्याचा, खोटं कशाला बोलू. शनिवारी हातगाडीवर गठ्ठे रचून वर पोचवायचा. वरच्या पिवळ्या घरात मुलीचं लग्न निघालं. पाहुणे येणार म्हणून घरातलं चांगलंचुंगलं सगळं कापड धुवायला आलं. आठवडाभर आम्ही तिघं झोपलो नाही. शनिवारी त्याने गाडी भरली. एकशे बारा नग. आणि चढाला लागायच्या ऐवजी गाडी उताराने स्टेशनकडे नेली. चादरी अठ्ठावीस, अभ्रे चाळीस..."

"टॉवेल अठरा," थोरली म्हणाली.

शब्द तिच्या तोंडून आपसूक गेले. आत्याने मान वळवली.

"नॅपकिन चोवीस," थोरली पुढे म्हणाली. पहिल्यांदाच ती जागेपणी नॅपकिनांपर्यंत पोचली होती. "टेबलक्लॉथ दोन."

"तुला कुणी सांगितलं?"

"झोपताना. रोज म्हणायचे. मला वाटायचं, आमच्या घरातलं आहे."

पलीकडचं यंत्र थांबलं, कुणीतरी झाकण उघडलं, ओले कपडे बदाबदा टोपलीत पडले.

"टॉवेल लक्षात राहिले म्हणजे त्याच्या," आत्या म्हणाली. "आणि माझी? माझी आठवण काढायचा कधी?"

इथे थोरलीने तेच केलं जे कुणीही भलं माणूस करील. "रोज," ती म्हणाली. "रोज काढायचे."

"अगदी त्याची लेक आहेस," आत्या म्हणाली. "डोळ्याला डोळा भिडवून बोलतेस. अगं, रोज आठवण काढणारा माणूस एक चादर तरी परत पाठवतो."

मग तिने बाकीचं सांगितलं, अभ्र्याला टाके घालता घालता, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. पिवळ्या घरवाल्यांनी पोलीस बोलावले नाहीत. मोठी माणसं, लग्नघरात बोभाटा नको होता. त्यांनी भरपाई लावली. आईजवळ काय होतं? होती ती मुलगी. आत्याने वरच्या घरात बिनपगारी काम करायचं, कापडाची किंमत फिटेपर्यंत. किंमत त्यांनीच ठरवली आणि फिटली की नाही तेही त्यांनीच. नऊ वर्षं लागली.

"एक सुतार ठरला होता मला," ती म्हणाली. "दोन वर्षं थांबला तो. चांगला माणूस. दोन वर्षं म्हणजे पुष्कळ झालं." दाताने दोरा तोडून तिने अभ्रा बाजूला ठेवला. "तो छताला फळं असलेला हॉल अजून आहे का गं? नऊ वर्षं शिडीवर चढून त्या द्राक्षांची धूळ पुसलीय मी. एकूण चारशे सात द्राक्षं आहेत."

"आहे," थोरली म्हणाली. "तिथे आता दात बघतात."

त्यावर मात्र आत्या मनापासून हसली. स्वतःच्या तोंडात दोनच उरले होते, ते दाखवून हसली. थोरलीलाही हसू आलं आणि हसता हसता तिने विचारलं, "मग ही खूण? ही नेमकी काय सांगते?"

"दोन रेघा म्हणजे दुसरं वळण. फुली म्हणजे मोठं घर, मागच्या दाराने जायचं. आणि हे टिंब आईने नंतर घातलं." आत्याने कोपऱ्यावर नख ठेवलं. "टिंब म्हणजे बुडवं गिऱ्हाईक. धुणावळ महिनोन्महिने थकवणारं. गठ्ठा हातात द्यायच्या आधी पैसे मागायचे, नाही दिले तर दाराबाहेरून परत. खालच्या अंगाला टिंब दिसलं की समजायचं, इथे विश्वास ठेवायचा नाही."

थोरलीच्या डोळ्यांपुढे पितळी पाटी आली. सोनेरी पत्रिका आली. भाच्याचं दुपटं आलं. बाबांच्या शेवटच्या उशीचा अभ्रा आला, तोसुद्धा तिनेच भरलेला, चष्मा लावून, टिंब नीट गोल यावं म्हणून दोनदा उसवून.

*

आणि नेमका तेव्हाच धाकट्याचा फोन आला.

"काय ताई, सापडलं का घर?"

थोरलीने आत्याकडे पाहिलं. खिडकीतून वर पिवळं घर दिसत होतं. महिना संपायला नऊ दिवस होते. ती म्हणाली, "सापडलं. तीन मजली आहे. बारा खोल्या, मागे विहीर. छताला नक्षी."

"अरे वा!"

"हो. पण मी या वयात इतक्या लांब काय करू? तूच घे, मी लिहून देते. बदल्यात मला तिथली माझी एक खोली दे. तेवढी पुरे मला."

आत्या टाका घालायची थांबून ऐकत होती. एकोणीस वर्षांच्या पोराने गाडी उताराला लावली तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल, हे तिला आत्ता समोर दिसत असावं. थोरलीला ती नजर कळली, पण शब्द मागे घेतले नाहीत. थोरलीलाही छप्पर हवं होतं.

फोनमध्ये धाकटा हसला. वाईट नाही, जरा लाजल्यासारखा हसला, तेच जास्त वाईट.

"ताई, कशाला उगीच... अगं, तिथे आपलं काही नाही. बाबांनीच सांगितलं होतं मला, कागद करताना."

"काय सांगितलं होतं?"

"हेच. की घर आपलं नव्हतं, तिथे कपडे धुवायचे वगैरे. मी म्हटलं, मग ताईच्या नावाने काय लिहायचं? तर म्हणाले, तिला काहीतरी द्यायला हवं ना, तिला ते घर आवडतं, तेच लिही." तो थांबला. "मला काय माहीत तू खरंच जाशील? मला वाटलं, आपलं नावापुरतं राहील, तुलाही बरं वाटेल."

"सही करताना सांगितलं नाहीस."

"तू इतकी खूश दिसत होतीस गं."

मागून वहिनीचा आवाज आला. "ते विचारा ना आधी, छापखानेवाला खोळंबलाय."

"हां," धाकटा सुटल्यासारखा म्हणाला. "पत्रिका टाकल्यात छापायला. पाचशे. ती आपली खूण, त्यात टिंब वर की खाली? दारावरच्या पाटीवर वर आलंय, माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर खाली. घराण्याचं असं नको चुकायला, मुलीकडची मंडळी मोठी आहेत. ते कपडे धुण्याबिण्याचं त्यांना कशाला कळतंय."

खूण काय सांगते ते थोरलीला एका वाक्यात सांगता आलं असतं. मुलीकडचे लोक लाँड्रीवाले नव्हते. त्यांच्यातल्या कुणाला जन्मात कळणार नव्हतं. धाकट्याचं काही बिघडणार नव्हतं. हे सगळं तिला पटलं.

"खाली," ती म्हणाली. "जरा ठळक छाप."

तिने फोन ठेवला तेव्हा आत्या कुठल्याशा भाडेकऱ्याचे टॉवेल घडी करत होती, तिघांत. थोरली टाकीच्या काठावर बसून राहिली. जिन्याने वर एक खोली होती, दार उघडं होतं, रिकामा पलंग इथूनही दिसत होता. दोघींना तो दिसत होता.

"शेवटची बस सहाला असते," आत्या म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल की राहा."

"म्हणणारही होते. तू फोनवर बोललीस ना, त्याच्या आधी." आत्याने टॉवेलांचा गठ्ठा सरळ केला. "तसं नाही. खरं सांगू? नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात राहिले, मग अंथरुणावरच्या आईला बावीस वर्षं उचललं. आता माझ्या घरात मला कुणाचा श्वास नको. तुला तरी हवी आहे का आणखी एक म्हातारी? अकरा वर्षं झाली नाहीत का अजून पोटभर?"

नको होती, हे खरं होतं. थोरली उठली आणि तिने टेबलक्लॉथला हात घातला.

आत्याने कापडावर आपला हात ठेवला. पांढरा, सोललेला, जड हात. "हा राहू दे."

"तेवढंच आहे माझ्याकडे त्यांचं."

"त्याचं?" आत्या म्हणाली. "याच्या किमतीपायी नऊ वर्षं कुणी काम केलं? त्याने? पिवळ्या घरवाल्यांचा नाही हा, त्यांचं फिटलं. तुझ्या बापाचा तर कधीच नव्हता. एकशे बारा नगांपैकी माझ्या हाती हा पहिलाच येतोय."

तिने तो उचलला, पुन्हा एकदा घडीवरून अंगठा फिरवला आणि खिडकीशेजारच्या रिकाम्या फळीवर ठेवला. बाकीच्या एकशे अकरांसाठी जागा सोडून, कडेला.

बस चढ चढून वर आली तेव्हा पिवळ्या घरातले दिवे लागले होते. थोरलीने मांडीवरची पिशवी चाचपली. तेलही गेलं, तूपही गेलं, असं म्हणतात. निदान धुपाटणं तरी हाती राहतं. पिशवीत दाढ तपासल्याची पावती होती. दाढ चांगली आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

तर शेवटी झालं ते असं. पिवळ्या घराला त्याच्या कापडाची किंमत मिळाली, दोनदा मिळाली असावी. बाबांनी काही दिलं नाही. त्यांना आयुष्यभर परीटघडीचा शर्ट आणि शेवटी भरतकाम केलेली उशी मिळाली. धाकट्याला तीन खोल्या मिळाल्या, त्यातली एक महिनाअखेरीस मोकळी. त्याने भरलं ते एका टिंबाच्या शाईचं, पाचशे पत्रिकांवर, तेही ठळक. सुताराने दोन वर्षं दिली. बाकी सगळं एकाच नावाच्या दोन बायकांनी भरलं: पहिलीने नऊ वर्षं, दुसरीने अकरा, आणि वर कानातलं.